वापरणाऱ्याच्या बाजूने

यंत्र बनण्याआधी ते वापरणाऱ्याला कसं दिसेल, हे साध्या भाषेत लिहून द्यायचं, हे माझं काम. तारा आणि सर्किटं बाकीचे बघतात. या वेळचं यंत्र एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी होतं, गळ्यात अडकवायचं बटण. मी लिहिलं, "वापरणारा पडतो. बटण दाबतो. मदत येते." साहेबांनी एक शब्दही बदलला नाही. तेव्हाच शंका यायला हवी होती.

चाचणीला वापरणारा घरचाच मिळाला. माझे सासरे एकटे राहतात आणि नाकावर माशी बसू देत नाहीत. "पुन्हा पडलात तर आमच्याकडे यायचं, कायमचं," असं नवऱ्याने त्यांना बजावलं होतं. स्वतःच्या दोन खोल्या सोडायला ते मुळीच तयार नव्हते.

आणि ते पडलेच, न्हाणीघरात. शेजारणीने आवाज ऐकला म्हणून आम्हाला कळलं.

"बाबा, बटण गळ्यातच होतं ना? दाबलं का नाहीत?"

"दाबलं असतं तर तुम्ही आला असता."

नवरा त्यांची बॅग भरायला निघाला. मी एक संधी मागून घेतली, अर्धी त्यांच्यासाठी, अर्धी माझ्या कागदासाठी.

मग मी सगळं उलटं लिहिलं. या माणसाला मदत मागायची नाही ना, मग मागायला लावायचंच नाही. रोज सकाळी बटण दाबायचं, म्हणजे 'मी ठीक आहे'. आमच्या फोनवर हिरवा दिवा लागतो. नाही लागला तर आम्ही धावत जायचं. सासऱ्यांना हे फार पसंत पडलं. साहेबांनी माझी पाठ थोपटली, मीही थोपटून घेतली.

रविवारी हिरवा दिवा बघून आम्ही आरामात सासऱ्यांकडे जेवायला गेलो. दार कोणी उघडेना. आमच्या किल्लीने उघडलं, तर सासरे पलंगाशेजारी जमिनीवर. पाय वाकडा, ओठ सुकलेले. नवरा रुग्णवाहिकेला फोन करायला बाहेर पळाला.

"कधी पडलात?"

"काल संध्याकाळी."

"अहो, पण आज सकाळी दिवा लागला होता!"

"लागणारच. मी वेळेवर दाबलं."

मला रडू फुटलं, आणि रागही असा आला की ते बटण खिडकीतून भिरकावून द्यावं.

"यंत्र उत्तम चालतंय, तसं लिही हो," ते म्हणाले. माझा हात मात्र काही केल्या सोडेनात.