फुटाण्याच्या पोटातला खडा

शुक्रवारी सकाळी दहालाच सबाह अल-सालेममधल्या त्या फ्लॅटबाहेर चपलांचा ढीग पडला होता. आत सोफे भिंतीला सरकवून सतरंज्या अंथरल्या होत्या आणि साठ-सत्तर माणसं दाटीवाटीने बसली होती. कुणाचा हात कमरेवर, कुणाच्या मांडीवर रिपोर्टांची फाईल. कुवेतचं ऊन, दिवसभर साइटवर घाम आणि पाणी प्यायला फुरसत नाही. मुतखड्याची तक्रार इथे घरोघरी. त्यामुळे पाषाणभेदी महाराज व्हिजिट व्हिसावर आले आणि गर्दी लोटली, यात नवल नव्हतं.

"खडा पोटात नसतो, कर्मात असतो," महाराज सांगत होते. "डॉक्टर पोट कापतो. आम्ही कर्म कापतो. त्यांना भूल द्यावी लागते, आमच्याकडे लोक आपणहून भुलतात."

लोक भक्तिभावाने हसले. मागे उभ्या सरोजिनीला वाटलं, माणूस निदान या एका वाक्यात खरं बोलला.

महाराजांनी पितळी वाटीतला कापसाचा ओला बोळा उचलला, समोरच्या माणसाच्या कुशीवर दाबला, काहीतरी पुटपुटले आणि बोळा उलगडला. आत खडा. ना चिरा, ना रक्ताचा थेंब. तो ताटलीत टण्णकन पडला आणि सगळ्या हॉलने हात जोडले. सरोजिनीच्या नवऱ्याने, जयप्रकाशनेही. पेट्रोकेमिकलमधला इंजिनीअर, नाशिकचा, हिशेबी माणूस. पण दोन महिन्यांपूर्वी, मागच्या फेरीत, महाराजांनी त्याचाही खडा असाच काढला होता, आणि त्याची कळ खरोखरच थांबली होती. त्यानंतर घरात या विषयावर बोलायची सोय उरली नव्हती.

आज त्याच्या मांडीवर टोपली होती आणि टोपलीत फुटाणा. फुटाणा म्हणजे त्यांच्या बारा वर्षांच्या शर्वरीचा गिनीपिग, तपकिरी-पांढरा, वीतभर लांबीचा. आठवडाभर तो लघवी करताना बारीक किंचाळत होता. पिंजऱ्यातल्या कापडावर खडूसारखी पांढरी भुकटी आणि मधूनच लालसर डाग दिसत. सरोजिनी म्हणाली होती, डॉक्टरकडे नेऊ. जयप्रकाश म्हणाला, "आधी महाराज."

महाराजांनी फुटाण्याच्या पाठीवर बोळा दाबला आणि तुरीच्या डाळीएवढा खडा काढून दाखवला. "मुका जीव, पण पुण्यवान. आता आठ दिवस सुकं गवत बंद. पालकाचा रस द्या आणि पाण्यात हे शंखभस्म."

शर्वरीने तो खडा डबीत जपून ठेवला. फुटाण्याला पालकाचा रसही तिनेच पाजला, ड्रॉपरने, दिवसातून तीनदा. सरोजिनी बघत राहिली. भारतात असताना ती शाळेत विज्ञान शिकवायची. तिला हे पटत नव्हतं, पण लेकीचा चेहरा खुलला होता, नवरा खूश होता, आणि ती गप्प बसली. या गप्प बसण्याचा तिला पुढे फार त्रास झाला.

पाचव्या दिवशी फुटाणा पाठीची कमान करून कोपऱ्यात बसला. खाईना, पिईना.

"आई, ही इज डाइंग," शर्वरी म्हणाली. ती रडत नव्हती, त्यानेच सरोजिनी जास्त घाबरली. जयप्रकाश ड्यूटीवर होता. त्याला न विचारता तिने टॅक्सी बोलावली.

प्राण्यांच्या डॉक्टर झुलेखा मूळच्या रत्नागिरीकडच्या. त्यांनी एक्स-रे काढून पडद्यावर लावला. मूत्राशयाच्या जागी हरभऱ्याएवढा पांढराशुभ्र ठिपका होता.

"पण खडा तर काढला होता," शर्वरीने डबी पुढे केली. डॉक्टरांनी सगळी हकिकत ऐकून घेतली. रागावल्या नाहीत.

"याला रोज काय खायला घालत होतात?"

"पालक, कोथिंबीर, आणि अल-राईच्या प्राण्या-पक्ष्यांच्या बाजारातून आणलेलं लसूणघास. तो दुकानदार म्हणाला, कॅल्शियम असतं, चांगलं असतं," सरोजिनी म्हणाली.

"पिल्लांना चालतं. मोठ्या गिनीपिगला टिमोथी नावाचं सुकं गवत, तेही दिवसभर, हवं तेवढं. जास्तीचं कॅल्शियम तो लघवीवाटे टाकतो. ते साचलं, त्यात पाणी कमी पडलं, की खडे व्हायची भीती. आणि शंखभस्म म्हणजे तरी काय? कॅल्शियमच. तुमच्या महाराजांनी आगीवर तेल ओतलंय. वर गवत बंद केलं, त्याने आतडीही मंदावली."

सरोजिनीने मान खाली घातली. "मला कळायला हवं होतं," ती म्हणाली.

पोटात औषध आणि पातळ खाणं गेल्यावर फुटाणा जरा सावरला, मग शस्त्रक्रिया झाली. एवढ्याशा जिवाला भूल देणं जोखमीचं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. दोन तास मायलेकी बाकड्यावर बसून होत्या. शेवटी डॉक्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "जागा झालाय."

त्यांनी काढलेल्या खड्याचा तुकडा व्हिनेगरमध्ये टाकला. त्यावर बारीक बुडबुडे आले. डबीतला खडा टाकला, तो नुसता बुडाला. "गिनीपिगचा खडा बहुतेक वेळा चुन्याच्या जातीचा निघतो, म्हणून फसफसला. हा दुसरा मला तरी माशांच्या टाकीतला वाटतो."

जयप्रकाशला हे पटलं नाही. "दोन खडे असतील. एक महाराजांनी काढला, एक राहिला."

सरोजिनीने वाद घातला नाही. टाके भरून आल्यावर तिने पुन्हा एक्स-रे काढून घेतला आणि तो नवऱ्यासमोर धरला. "आता याच्या पोटात एकही खडा नाही. महाराजांकडे नेऊ. आत काही नाही असं त्यांनी सांगितलं, तर मी पुन्हा अवाक्षर काढणार नाही."

त्या शुक्रवारीही हॉल भरलेला होता. फुटाणा टॉवेलात गुंडाळलेला, पाठ तेवढी उघडी. "अजून त्रास आहे, महाराज," सरोजिनी म्हणाली. महाराजांनी डोळे मिटले. "एक अंश उरलाय." बोळा दाबला, पुटपुटले, उलगडला. टण्ण.

हात जोडले गेले. जयप्रकाशचे मात्र मांडीवरच राहिले.

फुटाण्याची पाठ भिजली होती. ती पुसायला शर्वरीने सहज वाटीतला दुसरा बोळा उचलून पिळला, आणि थबकली.

"आई, यात पण आहे."

"बाळ, ठेव तो," महाराज घाईने म्हणाले. तोवर तिने तिसरा दाबून पाहिला होता. त्यातही खडा. सरोजिनीने टॉवेल बाजूला करून टाक्यांची रेघ दाखवली, एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि शांतपणे सगळं सांगितलं. महाराज म्हणाले, अश्रद्धेमुळे शक्ती दूषित होते. पुढचा माणूस म्हणाला, "मग माझ्यासाठी कोरा कापूस घ्या, मी आणून देतो." महाराज उठून आतल्या खोलीत गेले. हॉलमध्ये माणसं एकमेकांच्या नजरा चुकवत चपला शोधू लागली.

गाडीत बसल्यावर जयप्रकाशने एसी लावला. मग म्हणाला, "माझी कळ थांबली होती, हे तर खरं ना?"

"मुतखड्याची कळ येते आणि जाते. खडा सरकला की थांबतेही. सोनोग्राफी करून घ्या."

त्याने करून घेतली. खडा होता तिथेच होता, पाच मिलिमीटरचा आठ झाला होता. वेळेवर कळलं म्हणून मूत्रपिंड वाचलं, डॉक्टर म्हणाले. रिपोर्ट हातात घेऊन तो सोफ्यावर बसला. "मला मी बरा झालोय असं वाटत होतं, सरू."

"फुटाण्याला तसं वाटून घेता येत नव्हतं. म्हणून तो ओरडत राहिला, आणि आपल्याला कळलं."

वाचकहो, दुखणं खरं असतं, आणि बरं व्हावंसं वाटणंही खरं असतं. या दोहोंच्या मधल्या जागेत असले महाराज सतरंजी अंथरून बसतात. तिथे बसण्याआधी एवढंच विचारा: कापूस कुणाचा, वाटी कुणाची, आणि खडा निघाल्यावर पोटाची तपासणी कुणी केली? विचारल्याने खरा उपाय कधी बाटत नाही. बाटतो तो फक्त खोटा.