घंटेखाली राहिलेला होकार

“मान खाली घालून पुटपुटशील तर खबरदार! शेवटच्या बाकावरच्यालाही ऐकू गेलं पाहिजे.”

लग्नाच्या सकाळी माझ्या डोक्यावरची पांढरी जाळी सारखी करता करता पाळकसाहेबांच्या पत्नींनी मला असं बजावलं होतं. आवाज माझा जन्मापासूनच बारीक. त्यामुळे ते वचन मी आठवडाभर भिंतीकडे तोंड करून घोकलं होतं. सुखात आणि दुःखात, दुखण्यात आणि धडधाकटपणात, मरण वेगळं करेपर्यंत. झोपेतसुद्धा म्हटलं असतं.

आमच्या ख्रिस्तमंदिराची एक रीत होती. दोघांची वचनं झाली की घंटा वाजायची. पण घंटेचा मनोरा मागच्या बाजूला, आतलं तिथे काही ऐकू जात नसे. म्हणून नवरीकडच्या एका माणसाने दारात उभं राहायचं आणि वेळ झाली की पांढरा रुमाल हलवायचा. हा मान माझ्या मामांना मिळाला. आणि मामांना नेमकी त्या दिवशी सर्दी.

ह्यांनी आपलं वचन खणखणीत म्हटलं. पाळकसाहेब माझ्याकडे वळले. मी श्वास घेतला. आणि दारात मामांनी शिंकण्यासाठी खिशातून रुमाल काढला.

घंटा सुरू झाली. घंटा झाली म्हणून बाजाची पेटी सुरू झाली, पेटी वाजली म्हणून सगळे उभे राहिले. पाळकसाहेब वयाने थकलेले, कानाने त्याहून. त्यांना वाटलं, पोरीचं म्हणून झालं. त्यांनी हात वर करून आशीर्वाद देऊन टाकला. मी तोंड उघडं ठेवून उभी. वचन घशातच राहिलं.

कुणी ते मनावर घेतलं नाही. सह्या झाल्या, जेवणं झाली, मामांना आयुष्यभर पुरतील एवढे टोमणे मिळाले. ह्यांना मात्र संसारभराची थट्टा सापडली. भाजीत मीठ जास्त झालं की, “खा बाबा गुपचूप, वचन तू एकट्याने दिलंयस,” असं स्वतःलाच म्हणायचे आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघायचे. मी म्हणायची, “तक्रार असेल तर मामांकडे करा.” मामा गेले तरी थट्टा राहिली.

आमचं काचेचं दुकान खाली आणि घर वर. खिडक्यांच्या काचा, आरसे, तसबिरींच्या काचा. टेबलावर जाड लोकर अंथरलेली, तिच्यावर काच. पट्टी लावायची आणि काच कापायची हिरकणी एका दमात वरून खाली ओढायची. हे रेघ ओढत तेव्हा बारीक चर्रर्र आवाज यायचा आणि तो कुठेही तुटायचा नाही. मग दोन बोटांनी हलकंसं दाबलं की काच जणू आपणहून बाजूला व्हायची.

एका सकाळी तो आवाज मध्येच तुटला. पुढेही तुटत राहिला. उजवा हात थरथरू लागला होता. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, की हे दुखणं जाणार नाही, पण सावकाश पुढे सरकेल. गोळ्यांनी बरीच वर्षं चांगली जातील. नंतर नंतर शर्टाची बटणं, जेवणाचा चमचा, चालणं, सगळ्यालाच हात लावायला माणूस लागेल.

घरी येऊन ह्यांनी हिरकणी फडक्यात गुंडाळून खणात टाकली. दुसऱ्या दिवशी प्रार्थना आटोपून मी खाली आले आणि ती बाहेर काढली. तेव्हापासून हे पट्टी लावून डाव्या हाताने दाबून धरत, मी रेघ ओढी. सुरुवातीला मी बऱ्याच काचा फोडल्या. हे म्हणायचे, “लोकांना काचा बसवून देण्याचा धंदा आहे आपला. तू हा दुसराच काढलास.”

असं हसतखेळत चाललं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

मग एका दुपारी फोन वाजला. हे समोरच्या सलूनमध्ये आरशाचं माप घ्यायला गेले होते.

“खिडकीजवळची खाट मोकळी झालीय,” पलीकडून एक गोड आवाज म्हणाला. “तुमच्या मिस्टरांना तीच हवी होती ना? पुढच्या सोमवारी आणता का?”

गावाबाहेर धर्मभगिनी आजारी-म्हाताऱ्यांसाठी एक घर चालवतात, तिथून फोन होता. मी म्हटलं, “विचारून सांगते.” फोन ठेवला आणि तिथेच स्टुलावर बसले.

हे आले. मापाचा आकडा विसरू नये म्हणून ओठातल्या ओठात म्हणत होते.

“अहो, खिडकीजवळची खाट मोकळी झालीय म्हणे.”

आकडा ओठांवरच थांबला. म्हणाले, “तुला सांगणारच होतो.”

“कधी? रविवारी रात्री?”

“अगं, नीट विचार कर. मी दिवसेंदिवस जड होत जाणार. तुझं हे एवढंसं शरीर. मला उठवता बसवता तूच आडवी होशील. तिथे माणसं आहेत, नेम आहे, उपासना आहे. तू येत जा की भेटायला.”

“पाहुणी म्हणून?”

ते टेबलावरच्या लोकरीतले काचेचे कण चिमटीने वेचत राहिले. मग हळूच म्हणाले, “आणि तुझ्यावर बंधन तरी कसलं? वचन मी दिलंय. तू दिलंच नाहीस. तेव्हा घंटा झाली होती.”

ह्या वेळी त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे पाहिलं नाही.

एवढ्या वर्षांत त्या वाक्याने मला कधी टोचलं नव्हतं. आज ते बिजागरीसकट दार काढून हातात ठेवावं तसं ठेवलं त्यांनी, की घे, जा. आणि ठेवलं तेही माझ्याच काळजीने. चिडू तरी कुणावर? संध्याकाळच्या प्रार्थनेत मला मागताही येईना. नुसती बसून राहिले. पण उठताना एक गोष्ट स्वच्छ दिसत होती. ज्याच्यासमोर ते वचन द्यायचं होतं, त्याने ते घशातसुद्धा ऐकलं असणार. ऐकायचं राहिलं होतं ते एकट्या ह्यांचं.

सकाळी सलूनवाला आरसा न्यायला आला. हे पावतीपुस्तक शोधत होते. मी आरशाला कागद गुंडाळत होते, तो खाली ठेवला.

“अहो, जरा इकडे बघा.”

“काय झालं? तडा गेला?”

“नाही. मी तुम्हाला आपला नवरा म्हणून पत्करते,” मी म्हणाले. “सुखात आणि दुःखात, दुखण्यात आणि धडधाकटपणात...”

“वहिनी, जरा मोठ्याने,” सलूनवाला म्हणाला. “बाहेर टेम्पो चालू आहे.”

“तू गप रे!” हे त्याच्यावर खेकसले. पण त्यांचे डोळे माझ्यावरून हलले नाहीत.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, टेम्पोच्या वर आवाज चढवून. दुखण्यात ह्या शब्दाशी आवाज फुटला, पण मी थांबले नाही. मरण वेगळं करेपर्यंत, इथवर नेलं.

टेम्पो बंद झाला. दुकान एकदम रिकामं झाल्यासारखं वाटलं.

“साक्षीदार लागतो ना ह्याला?” सलूनवाल्याने विचारलं. “मी आहे. आमच्या दुकानातली गिऱ्हाईकंही आणतो हवं तर. एक जण अर्ध्या दाढीत बसलाय.”

ह्यांना आधी हसू आलं की रडू, मला सांगता येणार नाही. दोन्ही एकाच वेळी आलं आणि त्यात ठसका लागला. मी पाणी दिलं. पेला त्या हातात डचमळत होता, मी खालून हात लावला. त्यांनी हात काढून घेतला नाही. गेले कित्येक दिवस ते काढून घेत असत, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी स्वतः फोन लावला. “ती खाट दुसऱ्या कुणाला द्या सिस्टर. नाही नाही, बरा कुठला होतोय! बायको सोडत नाही.” हे शेवटचं असं सांगितलं, की जणू बक्षीसच लागलंय.

छातीवरची शिळा उतरली म्हणतात, ती मी त्या दुपारी अनुभवली. जेवून हे वर झोपले आणि घोरणं खाली दुकानात ऐकू येऊ लागलं. ह्याच घोरण्याला मी जन्मभर नावं ठेवली. त्या दिवशी काच पुसायची थांबून ऐकत बसले.

उठल्यावर चहा घेताना म्हणाले, “माझीही एक अट आहे.”

“आता कसली अट? लग्न लागलं की.”

“हसण्यावारी नेऊ नकोस. ‘माझ्याने होतंय, माझ्याने होतंय’ हे तुझं पालुपद बंद. परवा मोठी काच उचललीस तेव्हा पाठ धरून बसली होतीस, मला दिसत नाही? मी तिकडे जायला निघालो होतो तो त्याच पाठीपायी.”

मी कपात बघत राहिले.

“ताई मागच्या गल्लीतच राहते,” ते म्हणाले. ताई म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई. “येते म्हणते दुपारची, तर तू चहा पाजून परत पाठवतेस. थकशील तेव्हा तिला हाक मारायची. दे वचन.”

“बघू.”

“बघू हे वचन नाही. मोठ्याने.”

“हो,” मी म्हणाले. मला ते सकाळच्यापेक्षा जड गेलं. दुसऱ्याचं करणं मला येतं. कुणाकडे मागणं मी कधी शिकले नाही.

आठ दिवस बरे गेले. नवव्या दिवशी खिडक्यांच्या मोठ्या काचा आल्या. त्या भिंतीला टेकवून झाल्या आणि मला सरळ उभं राहवेना. हे वर झोपले होते. थोडं टेकलं की दुखायचं थांबेल, असं नेहमीचंच मनात आलं. तेवढ्यात घोरण्याचा आवाज आला.

मी हात धुतले, बोटांतली काचेची धूळ नीट काढली. दुकानाचं शटर अर्धं ओढलं, चपला पायात सरकवल्या आणि कमरेवर हात ठेवून हळूहळू मागच्या गल्लीकडे निघाले.