एक दिवसाआड वाहणारा झरा

"हे आई वाघजाई! भर चैत्रात कातळ फोडून तू लेकरांसाठी पाणी घेऊन आलीस!"

"व्हय म्हाराजा!"

"आजारी असंल त्याला बरं कर, अडल्यानडल्याचं काम मार्गी लाव!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ज्याच्या मनात किंतु असंल, त्याला तुझा इंगा दाखव!"

"व्हय म्हाराजा!" हे जरा जास्तच जोरात. दोन-चार माना माझ्याकडे वळल्या.

एप्रिल महिना, सकाळचे पावणेसात. गावाच्या डोक्यावर जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडं पठार, सड्यावर वाघजाईचं देऊळ आणि देवळामागे चिऱ्यांनी बांधलेलं नवंकोरं कुंड. गाऱ्हाणं संपायला आणि कुंडाच्या तळातून भुळभुळ आवाज यायला एकच गाठ पडली. पाणी आलं! पुरुषांनी मोबाईल वर धरले, बायांनी कळश्या पुढे केल्या. कुणी दूध ओतलं, कुणी झेंडूचे हार सोडले. ज्याचे पाय दुखत होते त्याने पाय बुडवले, आणि ज्याचं पोट दुखत होतं त्याने त्याच्याच शेजारी ओंजळ भरून घेतली. माणसं पांगली की गुरं यायची. त्यांना गाऱ्हाण्याची गरज नव्हती.

गाऱ्हाणं घालणारे स्वरूपबुवा चार वर्षांपूर्वी हातखंब्याच्या नाक्यावर शहाळी विकायचे, तेव्हा नुसते स्वरूप होते. झरा फुटल्याच्या तिसऱ्या दिवशी भगवी लुंगी नेसून हजर झाले, आणि आमच्या वॉर्डाचे पंचायत सदस्य आत्माराम यांनी देवळाच्या पडवीत त्यांची सोय लावून दिली.

झरा रोज वाहायचा नाही. एक दिवसाआड वाहायचा. बुवांकडे त्याचंही उत्तर तयार. "एक दिवस देवी बोलते, एक दिवस मौन धरते. तुमच्या घरातल्यांसारखी रोज बडबडत नाय ती!" लोक हसले, आणि हसता हसता त्यांना ते पटलंसुद्धा.

मी बी.एस्सी. झाले, मग लग्न झालं, मग वेदिका झाली. ती आता चार वर्षांची आहे. नवरा निलेश मुंबईला नोकरीला, घरात सासूबाई आणि आम्ही दोघी. पोर झाल्यापासून माझा एकच उद्योग: पाणी उकळलं का, अंग गरम लागतंय का, खोकला कोरडा की ओला. सासूबाई म्हणतात, "हिला झोपेतपण पोरीची नखं वाढलेली दिसतात." खरं आहे ते.

म्हणून वेदिकाला मी तीर्थ दिलं नाही.

"अगो, चमचाभर," सासूबाई तांब्या घेऊन माझ्या मागे मागे. "वाडीतली सगळी पोरं घेतात."

"त्यात लोक पाय बुडवतात, आई."

"देवीच्या पाण्याला बाट नाय लागत, बाय माझी."

त्यांनी निलेशला फोन लावला. तो म्हणाला, "आई म्हणते तर दे ना जरासं. काय बिघडतं?"

मी तांब्या तुळशीत ओतला. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

आमचं घर खालच्या वाडीत. पंचायतीची टाकी सड्याच्या वरच्या अंगाला आहे. तिथून पाइप देवळामागून उतरत उतरत आमच्या वाडीला आणि अंगणवाडीला येतो. त्या महिन्यात आमच्या नळाची धार करंगळीएवढी झाली होती. बाया म्हणायच्या, नळानं दगा दिला म्हणून तर आईनं झरा दिला. कळशी घेऊन सडा चढायच्या, तिथल्या पाण्याला नमस्कार करायच्या आणि तेच डोक्यावर घेऊन उतरायच्या.

झऱ्याला महिना होत आला तेव्हा अंगणवाडीतली पोरं एकामागून एक आजारी पडू लागली. वेदिका पाचवी. सकाळी उलटी, दुपारपर्यंत जुलाब थांबेनात, आणि संध्याकाळी तिच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहिली. रिक्षातून रत्नागिरी गाठेपर्यंत मी तिला हाका मारत होते आणि ती डोळे उघडत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती.

नर्सला तीनदा सुई टोचूनही शीर सापडली नाही. चौथ्यांदा सापडली.

डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं पिते?"

"उकळलेलं."

"सगळीकडे?"

सकाळी दहा ते दुपारी दोन ती अंगणवाडीत असायची.

सासूबाई खाटेच्या पायथ्याशी बसून होत्या. शेवटी म्हणाल्याच, "तरी मी सांगत होते. तीर्थ नाकारलंस तू. आईचा कोप झाला."

"आणि बाकीच्या पोरांचं काय? ती तर घेत होती."

"तुझ्या एकटीपायी त्यांनापण भोगायला लागतंय."

हे त्यांचं स्वतःचं नव्हतं. बुवांनी सकाळच्या गाऱ्हाण्यात घातलं होतं: एका घरानं तीर्थ जमिनीवर ओतलं, त्याचं फळ वाडीच्या लेकरांना. दोनशे माणसं म्हणाली होती, व्हय म्हाराजा. माझी पोर सलाईनवर होती आणि गावात मी आरोपी ठरले होते.

तिसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या कमळाताई भेटायला आल्या. वेदिकाचे पाय चोळत रडवेल्या होऊन सांगत होत्या, "मी काय पाण्याची हयगय करते का गो? नळाला फडकं बांधते, गाळून पिंपात भरते. पण हल्ली फडक्यात काय काय येतं! परवा झेंडूच्या पाकळ्या निघाल्या. पोरांनीच घातल्या असतील."

"फडकं नळाच्या तोंडाला बांधलेलं असतं ना?"

"हो, घट्ट."

"मग पोरं पाकळ्या घालणार कुठून? त्या आतून आल्या."

सलाईनचे थेंब पडत होते आणि मी बोटांवर दिवस मोजत होते. घरी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर नळाला पाणी येतं त्या दिवसाला मी गोल करते. एक दिवसाआड, पावणेसात ते साडेसात. देवी बोलते तेही एक दिवसाआड, पावणेसात ते साडेसात. गावाला नळाची वेळ पाठ होती, झऱ्याची वेळही पाठ होती. दोन्ही एकच आहेत हे कुणाला सुचलं नाही. बी.एस्सी. झालेल्या मलाही नाही.

सहाव्या दिवशी वेदिकाला घरी आणलं आणि मी बाबूकाकांकडे गेले. पंचायतीचं पाणी सोडायची चावी त्यांच्याकडे असते.

"काका, झरा कुठून येतो?"

ते विडी शोधू लागले. "तू शिकलेली हायस, तुला काय सांगायचं? पाइप माझ्यासमोर पडला. कंबरभर खोल जायला हवा होता. कातळ फोडायचा कंटाळा, म्हणून वीतभर खणलं न् वरनं माती लोटली. झऱ्याच्या आधी देवळाच्या कामाला चिऱ्यांचा ट्रक गेला त्याच्यावरनं. मी आत्मारामला म्हटलं, पाइप फुटलाय. तो म्हणाला, बाबू, लोक पाया पडायला लागलेत, आता तू मधे पडू नको."

"आणि तुम्ही पडला नाहीत."

"मी पंचायतीचा नोकर, पोरी." मग हळूच विचारलं, "वेदिका कशी हाय?"

"आज पहिल्यांदा दोन घास पेज खाल्ली."

ते उठले. फळीवरची एक काचेची नळी आणि औषधाची बाटली काढून माझ्या हातात दिली. नळाच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे जंतू मारायची पावडर आहे का, ते या नळीत बघतात. दोन थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं, की पावडर आहे.

दुसऱ्या दिवशी देवीचा बोलायचा दिवस होता. भुळभुळ सुरू झाली तशी मी पुढे झाले, वर येणारं ताजं पाणी नळीत घेतलं, दोन थेंब टाकले आणि नळी उंच धरली. पाणी पिवळं झालं.

"हे बघा! यात टीसीएल आहे. ती टाकीत पडते. हे पाणी पंचायतीच्या टाकीचं आहे."

बुवांनी एक क्षणही घेतला नाही. "पिवळं! बघितलंत? अविश्वासाच्या हातात आईनं हळद दिली!"

"व्हय म्हाराजा!"

बाया माझ्या हातातल्या नळीच्या पाया पडू लागल्या. एकीने तिला कुंकूसुद्धा लावलं. मी पुरावा घेऊन उभी होते आणि लोक पुराव्याचीच पूजा करत होते.

आत्माराम जवळ येऊन गोड आवाजात म्हणाले, "वहिनी, पोरगी आजारी होती, तुमचं डोकं ठिकाणावर नाय. घरी जावा."

मी हात वर केला. वर टाकीपाशी ठरल्याप्रमाणे बाबूकाका उभे होते. "काका, बंद!"

भुळभुळ मंदावली, थांबली.

"बुवा, घाला गाऱ्हाणं. आणा परत."

बुवांनी घातलं. पहिल्या वेळी दोनशे जणांनी साथ दिली, दुसऱ्या वेळी पन्नासेकांनी. तिसऱ्या वेळी बुवांचा आवाज चिरकला. पाणी आलं नाही.

"काका, सोडा!"

आलं.

"बंद!"

थांबलं. तेव्हा म्हातारी हौसाआजी काठी आपटत म्हणाली, "मेल्या, तुझ्या देवीची चावी बाबूच्या हातात कशी रे?" कुणीतरी फिसकन हसलं. एवढे दिवस ज्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, ती माणसं हसली.

बाबूकाका खाली आले आणि कुंडाच्या कडेचे दोन चिरे सरकवून त्यांनी कुदळ मारली. वीतभर मातीखाली काळा पाइप निघाला, निळ्या रेघेचा. त्याला बोटभर लांब चीर पडली होती. आणि मग जे दिसलं, त्यावर कुणीच हसलं नाही. वरून पाणी बंद होतं. पाइपातलं उरलेलं पाणी उताराने खालच्या वाडीकडे निघालं होतं, आणि जाता जाता कुंडातलं पाणी ओढून घेत होतं. दुधाने पांढरं झालेलं, पाय धुतलेलं, गुरांनी तोंड घातलेलं. आपण खरकटं धुतल्यावर मोरीत आवाज होतो तसा आवाज झाला. झेंडूची एक पाकळी चिरेशी आली, गोल फिरली आणि आत गेली.

कमळाताईंनी तोंडावर पदर धरला. ती पाकळी कुठे निघणार, हे त्यांना ठाऊक होतं.

तीर्थ नाकारलेलं एकच घर होतं, माझं. पण तीर्थ काय विचारून येतं? ते अंगणवाडीच्या नळातून माझ्या पोरीच्या पेल्यात आलं होतं.

बुवा दुपारच्या आत गेले. कुठे गेले ते मला माहीत नाही, पण कुठेतरी पाइप फुटलेला असणार. आत्माराम कुठेही गेले नाहीत. त्यांनी पाइपाच्या चिरेवर टायरच्या ट्यूबची पट्टी आवळली आणि ग्रामसभेत उभे राहून सांगितलं, "पाइप दुरुस्त झाला. पोरंपण बरी झाली. विषय संपला. सर्वांना मान्य?"

"मान्य!" सभा म्हणाली. तोच सूर, तीच माणसं, फक्त म्हाराजा नव्हतं.

मी उठणार, तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला. सासूबाई उभ्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा ग्रामसभेत उभ्या राहिल्या होत्या, मांडीवर झोपलेली वेदिका माझ्याकडे सरकवून.

"नाय मान्य. पाइप किती खोल टाकलात, ता आधी सांगा."

आत्माराम म्हणाले, पुढच्या सभेत बघू. पुढची सभा अजून झालेली नाही. पाइप अजून वीतभरच खोल आहे. कुंडाच्या जागी अधूनमधून एखादं फूल दिसतं, आणि वाटेत एखादी शेजारीण मला ऐकवते, "झरा घालवून काय मिळवलंस?"

निलेशने विचारलं होतं, काय बिघडतं. हे बिघडतं. कुणाचाही विश्वास त्याच्याच घरात राहत नाही, तो उताराने खाली जातो आणि ज्याने हातसुद्धा जोडले नाहीत त्याच्या पोराला गाठतो. वाघजाईने आमच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. तिच्या नावाने मागणारी माणसं होती, आणि तिच्या नावाआड लपणारीही. तुमच्या गावात उद्या काही अद्भुत घडलं तर जरूर बघायला जा. फक्त व्हय म्हाराजा म्हणण्याआधी एकदा मोठ्याने विचारा, हे कुठून आलं, आणि जातं कुठे. उत्तर देवाकडे मागू नका. ज्याच्या हातात चावी आहे, त्याच्याकडे मागा.

आमच्या घरी आता पाणी मी उकळत नाही. पहाटे उठून सासूबाई उकळतात, आणि वेदिकाच्या बाटलीत भरून अंगणवाडीत स्वतः नेऊन देतात.