नियम चौदा आणि तिसऱ्या मजल्यावरचा कुलर

मी एक जुना लोखंडी कुलर आहे, मित्रांनो, आणि मध्यंतरी आठ दिवस मी बेकायदेशीर होतो.

माझा जन्म अकोल्यातल्या एका पत्राकाम करणाऱ्याच्या दुकानात झाला. पत्रा जाड, पंखा दांडगा आणि आवाज असा, की मी सुरू झालो की घरातलं भांडण थांबे. कोणाचं कोणाला ऐकूच येत नसे. नांदगाव खंडेश्वरच्या खुशालराव आणि आशाबाईंकडे मी वीस उन्हाळे काढले. मग ते अमरावतीला फ्लॅटमध्ये आले आणि मला खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर बसवलं. "काय हवा हाय राजेहो!" पाहुणे म्हणत. मी फुगून जाई.

एप्रिलमध्ये खालच्या मजल्यावरच्या ओमप्रकाशजींची चिठ्ठी आली. ते सोसायटीचे सचिव. 'नियम चौदा. इमारतीबाहेर कुलर ठेवण्यास मनाई. काढावा, अन्यथा भंगारात देण्यात येईल.' भंगार हा शब्द लोखंडाला कसा लागतो, ते तुम्हाला नाही कळायचं.

मला आत घेतलं. पण कुलरला बाहेरची कोरडी हवा लागते. आत मी नुसता दमटपणा सोडत बसलो. पापड वातड झाले, आणि बीपीवाले खुशालराव चक्कर येऊन खाली बसले.

तेव्हा आशाबाईंनी बावीस फ्लॅटमध्ये कोणी केलं नव्हतं ते केलं. नियमावली वाचली. फ्लॅट घेताना सह्या सगळ्यांनी केल्या होत्या.

आमसभा खाली पार्किंगमध्ये भरली. मला वरून सगळं ऐकू आलं. आमच्याकडे तीन मजले ऐकू जाईल असंच बोलतात.

"काहून हो ओमप्रकाशभाऊ, नियम एकोणीस म्हनते, तरणतलावात कपडे धुऊ नये. आपला तरणतलाव कुठी हाय?"

"नाही हाय, काकू. पन नियम हाय नं. उद्या बांधला त कामी येईन."

शेवटी कबुली आली. साळ्याच्या पुण्यातल्या सोसायटीची नियमावली त्यांनी जशीच्या तशी उतरवली होती.

"पुन्याले चालते ते. इथं पंचेचाळीस हाय! आमच्या यायले चक्कर आली."

"अन् तुमच्या कुलरचं पानी माह्या गॅलरीत टपकते, त्याचं काय? तीनदा गादी वाळू घातली, तीनदा भिजली!"

माझी टाकी गळत होती, हे खरं.

"मंग चिठ्ठीत हे काहून नाही लिवलं? त्याच दिवशी बुजवली असती."

"चिठ्ठीत नियमच लिवा लागते, काकू."

सोसायटीचा नियम आमसभेत बदलता येतो, हेही आशाबाईंनी वाचलं होतं. हात वर झाले. कुलर बाहेर चालेल. घोडी पक्की हवी, पाण्याचा थेंब खालच्याकडे पडता कामा नये. तरणतलावाचा नियम तसाच ठेवला. आजवर कोणीच मोडला नाही असा तो एकटाच आहे, असं सभेचं मत पडलं.

टाकी बुजवून मी पुन्हा खिडकीबाहेर आहे. खुशालराव दुपारी माझ्यापुढे घोरतात. आवाजात आमची बरोबरी आहे. माझं मागणं थोडं आहे, मित्रांनो. आमच्या वाळ्याच्या ताट्या दरसाल बदला, पाणी साचू देऊ नका, सही करण्याआधी वाचा. आणि वरच्याचं काही खुपलं, तर नियमाचा आकडा पाठवण्याआधी जिना चढून जा. एकच मजला असतो.