लाकूड तेवढं माझं

बाटलीच्या तोंडावरची लाख एका कडेने उडालेली होती... नखाएवढीच, पण दानसोआचं नख पुन्हा पुन्हा तिथंच जात होतं. हिरवी चौकोनी बाटली, परदेशी जिन, कुणाच्याही आभाराला शोभेल अशी. धाकट्या भावाने, ओफोरीने, ती सकाळीच आणून दिली होती, आणि ती मांडीत घेऊन दानसोआ टेटे सुताराच्या आवारात उभ्या असलेल्या लॉरीत, पुढच्या बाकावर, येऊन बसली होती. दुपारी नवऱ्याच्या कुळाची बैठक. तिथं ही बाटली कुळाच्या कर्त्याच्या, म्हाताऱ्या नानांच्या पायाशी ठेवायची, सगळ्यांदेखत म्हणायचं, तुम्ही दिलंत, मी घेतलं, तुमचे आभार, की लॉरी तिची. नाही म्हटलं तर आसीडूची. आसीडू नवऱ्याच्या बहिणीचा मुलगा. आणि आपल्यात माणूस गेला की त्याचं जे असेल ते भाच्याकडे जातं, बायकोकडे नाही, पोरांकडे नाही. यात कुणाला वावगं वाटत नाही. तिलाही कधी वाटलं नव्हतं... स्वतःवर येईपर्यंत.

“ताई, एक शब्द,” ओफोरी बाटली देताना म्हणाला होता. “ओठ काही झिजणार नाहीत तुझे.”

“ओठ माझे आहेत.”

“आणि गाडी?”

“तीही माझीच आहे.”

“मग झालं तर! तुझीच आहे तर एकदाची तुझी करून घे. नानांनी मधे पडून एवढं जमवलंय, आसीडूला गप्प बसवलंय. बोलायचं ते मी बोलेन. तू फक्त मान हलव. खालीवर हलव, म्हणजे झालं.”

गुणाचा भाऊ. लहानपणापासून तिची भांडणं मिटवत आलेला, आणि दर वेळी तिला कुठंतरी मान हलवायला लावूनच.

खरं तर अशी बाटली नवरा, ओपारे, जिवंत असतानाच द्यायची होती. त्या संध्याकाळी... सगळं स्पष्ट दिसतं, दिव्याभोवती फिरणारे किडे, भाजलेल्या केळ्यांचा वास, ओपारेचे दोघे मित्र भिंतीला टेकून बसलेले. आक्रा शहरातून नुकतेच परतले होते आणि ओपारे खुशीत होता, आणि खुशीत आला की तो उदार व्हायचा—अचानक उभा राहून म्हणाला, “तुम्ही दोघे साक्षीला आहात. ही गाडी मी दानसोआला देतो.” सगळे तिच्याकडे पाहायला लागले. आता तिने उठायचं, हात जोडायचे, शेजारच्या दुकानातून पेय मागवायचं. आभाराचं पेय प्यायलं गेलं की दिलेली वस्तू पक्की होते, त्याशिवाय नुसते शब्द. हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच? पण तिच्या तोंडून निघालं, “माझ्याच घरात मला पाहुणी म्हणून बसवतोस होय रे?” मित्र खो खो हसले. ओपारेही हसला, जरा उशिराने, आणि खाली बसला, आणि पुन्हा कधी उभा राहिला नाही त्या बोलण्यासाठी. एवढं मनाला लावून घ्यायचं? दिलंस म्हणे! काय दिलंस? मी झोपत होते का त्या वेळी, तू एकटाच धंदा करत होतास?

तिने बाकावर हात फिरवला. ओडुमचं लाकूड, वाळवीलाही दाद न देणारं. परदेशाहून बोटीतून उतरलं ते नुसतं इंजिन आणि चार चाकं आणि त्यांना जोडणारा लोखंडी सांगाडा. तो ओपारेच्या कोकोच्या बागेच्या पैशावर आला, ते कोण नाकारतंय. पण सांगाड्यावर माणसं बसत नाहीत. त्याच्यावर बॉडी चढवायला लागते, आणि ती बॉडी, एकेक फळी, तिच्या पावाच्या भट्टीच्या कमाईतून उभी राहिली होती. टेटेजवळ ठाण मांडून बसायची ती. टेटे आक्र्याचा, अंगात मस्ती फार, म्हणायचा, “बाई, लॉरी कशी बांधायची ते मला शिकवू नकोस.” आणि ती म्हणायची, “लॉरी तूच बांध रे बाबा. फक्त बाक वर घे. खाली माशांची टोपली सरकली पाहिजे, मासेवालीच्या पायाला न लागता.”

बाक वर घे. त्या एका गोष्टीने तर तारलं. सरकारने आपल्या आगगाडीचं पोट भरावं म्हणून कोकोची पोती रस्त्याने न्यायला बंदी केली, तेव्हा सुहुम गावचे सगळे लॉरीवाले कपाळाला हात लावून झाडाखाली बसले. ओपारेसुद्धा. त्याला वाटलं, विकून टाकावी. दानसोआ म्हणाली होती, “कोको जाऊ दे आगगाडीने. बायका थोड्याच जाणार आहेत?” आगगाडी बाजाराच्या दारात थांबत नाही, आगगाडी कुणाची वाट पाहत नाही, आगगाडीला कांदेवालीची मुलगी आजारी आहे हे ठाऊक नसतं. दानसोआला असायचं. ती पहाटे निघायची आणि एकेका वस्तीवर हाका मारत बायका गोळा करायची—सुकी मासळी, कांदे, मातीची भांडी, कोंबड्या—आणि लॉरीच्या कपाळावर तिनेच रंगवून घेतलेली पाटी, ‘बघत राहा’. झाडाखाली बसलेल्यांनी बघितलं. नंतर त्यांनीही टेटेकडे जाऊन आपापले बाक वर करून घेतले.

तुमचे आभार. तिने हळूच म्हणून पाहिलं. बरं, ओठ खरंच झिजले नाहीत. तुम्ही दिलंत, मी घेतलं. पुन्हा म्हणायला गेली, जरा मोठ्याने, आणि मधेच थांबली. कारण आता आभार ओपारेचेसुद्धा नव्हते. कुळाचे होते. कुळाने दिली म्हणायचं. मग उद्या कुळात मयत झालं की गाडी पाठव, लग्न निघालं की गाडी पाठव, आणि तिने तोंड वाकडं केलं की कुणीतरी म्हणणारच, विसरलीस का, दिली कोणी? दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याचा डोळा राहतोच. मी काय जन्मभर त्या डोळ्याखाली गाडी हाकू?

हाकावी. दोन मुलं आहेत. हाकावी आणि गप्प बसावं... शोकाच्या तांबड्या-काळ्या वस्त्राचा पदर तिने नीट केला, बाटली काखेत घेतली आणि खाली उतरली.

बैठकीला नाना न्यार्को मधल्या खुर्चीत, पायांखाली चटई. कुळाचा कर्ता, डोळ्यांनी अधू पण कानाने तिखट. आसीडू एका बाजूला, मान खाली घालून. वाईट नव्हता तो मुलगा, मामानेच त्याला गाडी शिकवली होती आणि मामाच्या मयताला तो सगळ्यांत जास्त रडला होता. वाईट असता तर किती सोपं झालं असतं. विधवेने बैठकीत स्वतः बोलायचं नसतं, म्हणून ओफोरी पुढे झाला, बाटली दोन्ही हातांनी उचलून म्हणाला, “नाना, माझी बहीण तुमच्या पायाशी आली आहे. कुळाने तिला जे दिलं...”

“थांब,” दानसोआ म्हणाली.

ओफोरीचे हात बाटलीसकट हवेतच राहिले.

“ताई, मान हलवायची होती,” तो दातांतल्या दातांत पुटपुटला.

“नाना, मला एक विचारायचंय.”

“विचारलंसच की,” नाना म्हणाले. “विधवा बैठकीत बोलली हे आता झालंच. पुढचं बोल.”

तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं पुढचं काय. समोर नानांचे हात दिसत होते, काठीवर ठेवलेले, जुने, सुरकुतलेले... आणि त्या हातांत एक पेला दिसला, आताचा नव्हे, टेटेच्या आवारातला, बॉडी सांगाड्यावर चढली त्या दिवशीचा. नानांनीच तर पूर्वजांच्या नावाने जमिनीवर धार सोडली होती, आणि उरलेलं स्वतः प्यायले होते, आणि ओठ पुसून म्हणाले होते, चांगली आहे.

“बॉडी चढवली त्या दिवशी तुम्ही पेय ओतलंत. ते कोणी आणलं होतं?”

नानांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“तू,” ते म्हणाले.

“का म्हणून आणलं होतं मी?”

“ज्याची वस्तू, त्याचं पेय.” म्हाताऱ्याच्या तोंडाची एक कड हलली. “बाई, कुठं नेतेस मला?”

“लोखंड आसीडूचं आहे. मामाचं होतं, भाच्याचं झालं. माझी काही तक्रार नाही. लाकूड तेवढं माझं. ते मला कुणी दिलेलं नाही, म्हणून आभारही नाहीत. मी माझं लाकूड उतरवून नेते.”

गलका झाला. ओपारेची बहीण छाती बडवत उठली, “अगं, अख्खी गाडी मिळत होती तुला, अख्खी!” कुणीतरी म्हणालं, दुःखाने डोकं फिरलंय. आसीडूने पहिल्यांदाच मान वर केली. त्याचे डोळे लाल झाले होते, आणि तो रागाने बोलायला गेला तर ते नुसतं रडवेलं निघालं.

“मामी, लाकडाला चाकं फुटणार आहेत का?”

“आणि तुझ्या चाकांवर माणसं बसणार कुठं? आक्र्याला जाशील तेव्हा मासेवालीला मांडीवर घे.”

मागच्या बायका फस्सकन हसल्या. नानासुद्धा हसले असते, पण त्यांनी काठी आपटली. “पेय मी प्यालोय,” ते म्हणाले. “पोटात गेलेलं नाही कसं म्हणू? लाकूड तिचं.” मग आवाज खाली आणून, फक्त तिला, “मूर्ख आहेस. एक शब्द होता.”

“हो, नाना.”

“बाटलीचं काय करू?”

“ओपारेच्या नावाने ओता. आभाराची नाही. त्याला आवडायची म्हणून.”

टेटेने सगळं ऐकून आकाशाकडे पाहिलं आणि माणसं बोलावली. बोल्ट सुटायला वेळ लागला नाही. दोन्हीकडून सहा-सहा जणांनी खांदा दिला, आणि बॉडी कण्हत वर उठली आणि आवारात ओंडक्यांवर टेकली, बाक, छप्पर, पाटी, सगळ्यासकट. मागे राहिलं ते अगदी उघडं दिसत होतं. नळ्या, तारा, तेलाचे डाग. आसीडूने त्यावर एक रिकामं खोकं ठेवलं, खोक्यावर बसला, इंजिन चालू केलं. तिच्याकडे पाहून काहीतरी म्हणालाही, पण आवाजात ऐकू आलं नाही. ओफोरी केव्हाच निघून गेला होता, न बोलता, आणि तो न बोलता जातो तेव्हा महिनाभर येत नाही.

ती बॉडीत चढून बसली. इंजिनाचा आवाज वळणावर गेला, चढावर जरा अडखळला—तिथं तो नेहमीच अडखळतो, ओपारे शिवी द्यायचा—आणि मग पुढे कमी कमी होत गेला. त्या आवाजावरून तिला झोपेतही कळायचं की आज लॉरी भरलेली आहे की रिकामी. आता तो दुसऱ्याचा आवाज होता.

हसतोस काय, ती मनात ओपारेला म्हणाली. तुला आवडलंच असतं हे. तू तर मांडीवर थाप मारून हसला असतास आणि रात्री म्हणाला असतास, दानसोआ, गाढवपणा केलास. आणि मी म्हटलं असतं, तूच केलास, दिव्याखाली उभा राहून, दिल्याघेतल्याच्या गोष्टी करत. आणि मग... पण मग काही नव्हतं. भांडण तिच्या बाजूनेच चालू होतं. पलीकडून कुणी बोलत नव्हतं, आणि तो गेल्यापासून पहिल्यांदाच तिला तो नाही हे नीट ऐकू आलं. राग आसीडूवर नव्हता, नानांवर नव्हता. ज्याच्यावर होता तो उत्तर द्यायला उरला नव्हता. तिला फार एकटं वाटलं आणि तिने ते वाटू दिलं.

मग भीती आली. इतके दिवस घाबरायला सवडच मिळाली नव्हती. हे लाकूड घेऊन करणार काय तू? टेटे किती दिवस आवार अडवू देईल? सांगाडा कुठून आणणार, कोण देणार तुला, बाईमाणसाला, आणि उद्या पहाटे त्या बायका आपापल्या वस्तीवर टोपल्या घेऊन उभ्या राहतील त्यांना काय सांगणार? तिने दोन्ही हातांनी बाकाची कड धरली. कुणी विचारलं असतं तर तिने खोटं सांगितलं नसतं—घाबरलेय मी, म्हटलं असतं, फार घाबरलेय. पण ही भीती कुणी दिलेली नव्हती. त्या भीतीसाठी कुणाच्या पायाशी काही ठेवायचं नव्हतं. दानसोआ ती घेऊन तशीच बसून राहिली, बाकाच्या मधोमध, अंग न चोरता.