गार्डाच्या बॉक्समधले जर्मन आणि फ्रेंच

मी दौंडच्या मालगाडीवरच्या गार्डाचा लोखंडी बॉक्स. झेंड्या, दिवा आणि धोक्याच्या इशाऱ्याला रुळावर लावायचे फटाके ठेवायला मला ठोकून बनवलं. शाळा मी पाहिली नाही, तेव्हा मला शहाणपण शिकवू नका.

माझे मालक पीटरमामा, शिरूरच्या मिशन कंपाउंडातले, बिनलग्नाचे. झेंड्यांखाली त्यांनी पुस्तकं कोंबली. सगळी तत्त्वज्ञानाची, जर्मन आणि फ्रेंच लोकांची, इंग्रजीत आणलेली. मला अक्षर येत नाही, वजन कळतं. जर्मन जड, फ्रेंच हलके. पाटसला सिग्नलसाठी गाडी अडकली की मामा माझ्यावर बसून वाचायचे. जर्मनांवर त्यांचा जीव. "फ्रेंच नुसता गोड बोलतो. जर्मन पाया खणतो," असं मलाच सांगायचे. दुसरं ऐकणार कोण? बाकीचे गार्ड विचारायचे, "मामा, मॅट्रिकला बसताय का परत?"

शहाण्णव साली माझ्यावरचं नाव घासून गेलं होतं. हमाल पोपटनं मला चुकून चांगदेव गार्डाच्या गाडीत चढवलं आणि त्याचा बॉक्स मामांना दिला. सामान दोन्हींत सारखंच, गाड्या गेल्या. चांगदेव निमोण्याच्या मेंढपाळाचा पोरगा. तिसऱ्या दिवशी मी परतलो तर एका फ्रेंच पुस्तकाच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलेलं: 'मेंढरामागं एकटा हिंडलेला दिसतोय गडी. खरं बोलतो.'

"पुस्तकावर रेघोट्या!" मामा तापले. मग तेच पाच वेळा वाचलं. खाली लिहिलं: 'साफ चूक.' आणि पोपटला दम भरला, "याच्यावर नाव रंगवलंस तर बघ!"

पाच वर्षं मी असा 'चुकून' चांगदेवाच्या गाडीत जात राहिलो. दोघांच्या ड्युट्या उलट्या, भेट फक्त फलाटावर.

"जर्मन वाचला का रे पुरा?"

"न्हाई मामा. लई लांबण लावतो. आमची मेंढरंसुदिक पांगली असती."

"अर्धवट वाचणाऱ्यानं मत देऊ नये!"

"आन् तुमी? फ्रेंचाची शेवटची पानं चिकटलेलीच हाईत की!"

मामा गाडीकडं वळले. त्या दिवशी गाडीत एकटेच हसत होते.

दोन हजार एकला चांगदेव तापानं गेला. मामा निमोण्याला मातीला जाऊन आले. मग फ्रेंचाची ती चिकटलेली पानं ब्लेडनं सोडवली, वाचली आणि म्हणाले, "चांगदेवा, तुझं खरं होतं की रे."

पुढच्या वर्षी मामा निवृत्त झाले. मी कंडम ठरलो होतो, म्हणून त्यांनी मला साहेबाकडून मागून घेऊन शिरूरला आणलं. आता सकाळ-संध्याकाळ मला वाचून दाखवतात आणि मध्येच थांबून माझ्याकडं बघतात. मला सगळं ऐकता येतं. फक्त 'तुमचं चुकतंय मामा' एवढं म्हणता येत नाही.

शिरूरला आलात तर घटकाभर या. काही वाचलेलं नसलं तरी चालेल. पण भांडा.