शाईचा डबा

विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी पुस्तकांची बांधणी करतो. राजकारण, समाज, इतिहास, गरीब देशांचं भलं कसं होईल, सगळं माझ्या हाताखालून जातं. शाळा सातवीत सुटली, पण पुस्तकांच्या पाठीला खळ लावता लावता त्यांच्या पोटातलंही वाचत आलो. बहुतेक ठिकाणी गरीब माणूस तक्त्यातच भेटतो.

परवा एक जाडा ग्रंथ आला. काडेपेट्यांच्या कारखान्यातल्या बायकांनी केलेल्या संपावरचा. पाठ निखळलेली, म्हणजे कुणीतरी खरंच वाचलेला. पान एकशे त्रेचाळीस: ‘उत्तरदाती क्रमांक १७, वय ५२, निरक्षर.’ खाली तिचं बोलणं: ‘मालकाला शिंक आली की काढा आम्हाला पाजतात.’

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. सतरा क्रमांक म्हणजे माझी मावशी! आई गेल्यावर हिनंच वाढवलं, काडेपेटीवरची अक्षरं दाखवून वाचायला हिनंच शिकवलं. आणि ती निरक्षर?

ग्रंथ काखेत मारून तसाच वर गेलो. लिहिणाऱ्या प्राध्यापक बाई दुसऱ्या मजल्यावरच बसतात.

“बाई, हा शब्द काढा.”

बाईंनी शांतपणे जुनी फाइल काढली. सतरा क्रमांकाच्या कागदावर निळा अंगठा. “हे बघा. आणि हा नुसता शब्द नाही. एकेचाळीसच्या एकेचाळीस निरक्षर, कागदाचा कपटाही न वापरता संप केला, ह्यावर माझं अख्खं प्रकरण उभं आहे. नवी आवृत्ती शुक्रवारी छापायला जातेय.”

“तुमचं प्रकरण माझ्या मावशीच्या अंगठ्यावर उभं आहे. तो अंगठा सध्या चष्मा पुसून तुमच्यासारख्यांचीच पुस्तकं वाचतो. गेल्या आठवड्यात म्हणाली, ‘दोनशे पानं झाली रे, अजून माणूस काही भेटेना.’”

बाई लाल झाल्या. मला वाटलं, आता शिपायाला बोलावणार. पण त्यांनी फाइल आणि छापायला जाणाऱ्या प्रकरणाचे कागद पिशवीत घातले आणि म्हणाल्या, “घरी असतील आत्ता?”

मावशी खिडकीशी वाचत बसली होती. बाईंना बघून तिनं पुस्तकात बोट घातलं.

“ये गं पोरी. केस पिकवलेस की!”

मी धुमसत सगळं सांगितलं. बाईंनी अंगठ्याचा कागद पुढे केला. मावशी आधी खुदकन आणि मग पोट धरून हसली.

“अगं, तू तेव्हा केवढीशी होतीस! हात थरथरत होते. विचारायच्या आधीच शाईचा डबा उघडून धरलास, वर मलाच म्हणतेस, ‘घाबरू नका, इथं नुसता टेकवा.’ म्हटलं, जाऊ दे, लेकराचं तोंड कशाला पाडायचं? टेकवला.”

“पण लिहिता येतं असं का नाही सांगितलंत?”

“तू विचारलंस कुठं?”

बाईंनी फाइलमधले बाकीचे अंगठे चाळले. मग हळूच म्हणाल्या, “आणि बाकीच्या?”

“मी टेकवला म्हणून मागच्यांनीही टेकवला. माझ्यासकट नऊ जणी लिहिणाऱ्या होत्या. संप काय हवेत झाला? रिकाम्या काडेपेट्यांतून चिठ्ठ्या जायच्या. निम्म्या माझ्या अक्षरातल्या.”

“हे तरी सांगायचं!”

“तेव्हा मालक जिवंत होता, बाई. आणि आमच्या पोरी त्याच्याकडंच कामाला होत्या.”

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं मला. पण बाईंचं तोंड बघवेना. ज्या प्रकरणानं त्यांचं नाव झालं, तेच मांडीवर उघडं पडलं होतं. मी मुकाट्यानं चहा टाकला. मावशीनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

“रडतेस काय? आमचं बोलणं जसंच्या तसं उतरवलंयस. तेवढं तरी कोण करतं?”

बाईंनी डोळे पुसले, फोन लावला. “शुक्रवारी छापू नका. माझं चुकलंय, प्रकरण नव्यानं लिहायचंय.” मग पेन काढून एकेचाळीसवर काट मारली. पेन तिथंच थांबलं.

“आता किती लिहू, मावशी?”

“बत्तीस लिही. तेही कच्चं. कोण कोण राहिल्यात त्यांच्या दारी जा, नीट विचार.” मावशीनं पुस्तक पुन्हा उघडलं. “हा येईल सोबत, घरं माहितीयत त्याला. आणि पोरी, तो डबा मात्र आणू नकोस.”